मिनीव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेळेआधी का बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेळेआधी म्हणजे नेमकं कधी?

तेल वेळेवर बदललं आणि गाडी जरा जपून चालवली, तर चांगला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अडीच-तीन लाख किलोमीटर काढतो. माझा हिशेब साधा आहे. दीड लाखाच्या आत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला, तर तो वेळेआधी गेला. म्हातारा होऊन गेलेल्या गिअरबॉक्सबद्दल काही म्हणणं नाही. इथे बोलायचं आहे ते भर उमेदीत गेलेल्यांबद्दल.

पण मिनीव्हॅनच का? त्याच कंपनीच्या कारमध्ये तोच गिअरबॉक्स नीट चालतो की!

बहुतेक मिनीव्हॅन कारच्याच सांगाड्यावर बेतलेल्या असतात. इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, आणि गिअरबॉक्स बहुधा त्याच कंपनीच्या सेदानमधून उचललेला. सेदानचं वजन दीड टनाच्या आसपास. मिनीव्हॅन रिकामी असली तरी दोन टनांच्या घरात जाते. त्यात सात माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअर आणि एसी कायम चालू, म्हणजे अडीच टन झालेच. शिवाय पुढून ती कपाटासारखी उभी, त्यामुळे हायवेवर वाराही कारपेक्षा जास्त कापावा लागतो. एका माणसाचा डबा तीन माणसांत वाटून खायचा, तशी त्या गिअरबॉक्सची गत होते.

त्यात जागेची अडचण. आडव्या इंजिनाच्या बाजूला, दोन चाकांच्या मधल्या बोळात गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) आणि डिफरन्शियल (ती दोन चाकांत वाटणारा) सगळं एकाच घरात कोंबायचं असतं. मग एकमेकींवर दाबून गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटांची संख्या मर्यादित, तेल मर्यादित आणि थंड होण्याची सोयही मर्यादित.

तिसरी गोष्ट वापराची. मिनीव्हॅन म्हणजे शाळेत सोडा, क्लासला न्या, वाटेत आजीला घ्या. दर पाचशे मीटरवर थांबणं आणि पुन्हा उचलणं. गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत जास्त घसरतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता तेलात जाते. एकसारख्या वेगाने शंभर किलोमीटर गेलेल्या गाडीचं तेल त्या मानाने थंड असतं. गर्दीतून बारा किलोमीटर आलेल्या गाडीचं तापलेलं.

यात कंपन्यांची काही चूक नाही का? सगळं वापरणाऱ्याच्याच माथी?

चूक आहे, आणि ती नोंदवलेली आहे. अमेरिकेतली दोन उदाहरणं तर गाजलेली आहेत.

क्रायस्लरने १९८९च्या मॉडेलपासून ‘अल्ट्राड्राइव्ह’ नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स आणला. त्याचा कारखान्यातला क्रमांक ए-६०४, पुढे त्यालाच ४१टीई म्हणू लागले. काळाच्या मानाने तो फार हुशार होता. गिअर कधी आणि किती अलगद बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा आणि प्लेटा झिजतील तसा स्वतःला जुळवून घ्यायचा. मिनीव्हॅनमध्येही तो बसवला गेला आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याने लोकांना रडवलं. एक कारण तेलाचं होतं. या गिअरबॉक्सला कंपनीचं स्वतःचं, वेगळ्या घर्षणगुणाचं तेल लागायचं. पण त्या वेळी सगळीकडे मिळणारं तेल होतं डेक्स्रॉन, आणि सुरुवातीच्या पुस्तिकांमध्येच ते पर्याय म्हणून चालेल असं म्हटलं होतं. लोकांनी तेच भरलं आणि गिअरबॉक्स थरथरू लागले. म्हणजे पुस्तक वाचून वागणाऱ्यालाच फटका बसला.

दुसरं उदाहरण होंडा ओडिसीचं. १९९९ ते २००१च्या ओडिसींमध्ये गिअरबॉक्सच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीने त्यांची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत, म्हणजे साधारण १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. पुढे २००४ साली सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात २००२ ते २००४च्या ओडिसी होत्या, सोबत त्याच जातीचा गिअरबॉक्स असलेली काही इतर मॉडेलंही. दोष असा, की दुसऱ्या गिअरच्या दातांना पुरेसं तेल पोचत नव्हतं. दात तापायचे, तुकडा उडायचा आणि वाईटात वाईट म्हणजे चालत्या गाडीत गिअरबॉक्स जाम व्हायचा. उपाय पाहा : कमी चाललेल्या गाड्यांमध्ये तेलाची एक जादा धार त्या गिअरवर सोडली. जास्त चाललेल्यांमध्ये आधी दातांचा रंग तपासला. तापून रंग बदललेला दिसला तर गिअरबॉक्सच नवा दिला.

दोन्ही गोष्टींत लोखंड कच्चं होतं असं नाही. एकीकडे चुकीचं तेल, दुसरीकडे अपुरं तेल. गिअरबॉक्सचं बरंवाईट तेलावर आणि उष्णतेवर ठरतं, हे माझं म्हणणं मी पुढेही सोडणार नाही.

उष्णतेने आत होतं तरी काय?

खोललेल्या गिअरबॉक्समधली एक क्लच प्लेट हातात घेऊन पाहा. पोलादाची पातळ चकती, तिच्या दोन्ही बाजूंना कागदासारखं अस्तर चिकटवलेलं, एक मिलिमीटरहूनही पातळ. कागदासारखं म्हणतोय, पण ते खरोखरच कागदाच्या जातीचं असतं, रेझिनमध्ये भिजवून पक्कं केलेलं. चांगली प्लेट खरखरीत आणि तपकिरी असते, आणि अंगठा दाबला तर तेल सुटतं. जळालेली प्लेट काळी, काचेसारखी गुळगुळीत. नखाने खरवडलं तर अस्तराचे पापुद्रे निघतात. अशी प्लेट पकड घेत नाही, घसरते. घसरली की आणखी तापते, तापली की आणखी घसरते. आजार एकदा इथवर आला की पुढचा प्रवास महिन्यांचा नसतो, आठवड्यांचा असतो.

तेल ८० ते ९५ अंशांत असेल तोवर सुखरूप. १२०च्या पुढे वार्निश धरू लागतं, म्हणजे व्हॉल्व्हबॉडीच्या (तेलाचा दाब हव्या त्या प्लेटांकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये चिकट तपकिरी थर बसतो. १५०च्या आसपास रबरी सील कडक होतात आणि प्लेटा जळू लागतात. गॅरेजमध्ये सांगतात, की सुखरूप मर्यादेच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. हा ढोबळ ठोकताळा आहे, पण दिशा बरोबर आहे.

गिअरबॉक्स जाण्याआधी काही सांगतो का?

सांगतो. आपण ऐकत नाही. सकाळी थंड गाडी ‘डी’मध्ये किंवा रिव्हर्समध्ये टाकली आणि पकड यायला दोन-तीन सेकंद लागले, ही पहिली चाहूल. बहुतेकांना वाटतं, थंडीमुळे असेल. मग कधीतरी चढावर रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडी उचलत नाही. इंजिनाचा काटा वर आणि वेगाचा काटा जागेवर, म्हणजे प्लेट घसरतेय. ही खूण दिसल्यावर पुढची सहल रद्द करा.

तिसरी खूण जरा फसवी. साठ-सत्तरच्या वेगाने, पाय हलका ठेवून चाललात की गाडी दोन-तीन सेकंद अशी थरथरते जणू चाकांखाली बारीक पट्ट्या आल्या. हा बहुतेकदा टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच असतो, म्हणजे एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच. चाकांचं बॅलन्सिंग करून लोक पैसे घालवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. थरथर सुरू असताना डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा. लॉकअप सुटतो, आणि थरथर लगेच थांबली तर दोष चाकांत नाही. (रस्ता मोकळा असेल तेव्हाच हे करा. डाव्या पायाची सवय नसेल तर नकोच.)

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आहे, चाळीसच्या वर जात नाही. गेला का?

बहुधा नाही. कॉम्प्युटरला काही विपरीत दिसलं की तो गिअरबॉक्सला एका ठरलेल्या गिअरमध्ये बांधून टाकतो, म्हणजे निदान घरी पोचता यावं. याला लिंप मोड म्हणतात. अल्ट्राड्राइव्हमध्ये तो दुसऱ्या गिअरचा असायचा. अशा वेळी कॉम्प्युटरमधले तक्रारींचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय कोणालाही गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. पी ०७०० हा कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे’ एवढंच सांगतो, खरी तक्रार त्याच्या मागच्या कोडमध्ये असते. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, प्लेट घसरत असण्याची शक्यता. पी ०७४० किंवा ०७४१ म्हणजे लॉकअपचं दुखणं. आणि कोड जर एखाद्या स्पीड सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या तेलाच्या झडपेचा) असेल, तर पूर्ण गिअरबॉक्सच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ पैशांत काम होतं. मरायला टेकलेली बॅटरी आणि गंजलेला कनेक्टर यांनीही असले चाळे केलेले मी पाहिले आहेत.

कंपनी म्हणते तेल ‘लाइफटाइम’ आहे. मग बदलायचं कशाला?

लाइफटाइम कोणाचा, हे विचारा. गाडी पहिल्या मालकाकडे असेतोवरचा काळ हिशेबात धरला तर ते खरंही असेल. तेल आत बंद असलं तरी तापतंच, आणि प्लेटांची धूळ त्यात मिसळतच राहते.

मालकाच्या पुस्तिकेत ‘सीव्हिअर’ वापराचा वेगळा तक्ता असतो, तो उघडा. लहान लहान फेऱ्या, गर्दीत थांबत चालणं, कडक ऊन, पूर्ण भार, मागे ट्रेलर. ही यादी म्हणजे कुटुंबाच्या मिनीव्हॅनचं आत्मचरित्रच आहे. तरी जो तो स्वतःला ‘नॉर्मल’ समजतो. मी पन्नास-साठ हजार किलोमीटरला तेल बदलतो आणि फिल्टर काढता येण्याजोगा असेल तर तोही.

दीड लाख किलोमीटर झाले, तेल कधीच बदललं नाही. आता बदललं तर गिअरबॉक्स जातो म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. लोक तेल बदलायला कधी जातात? गाडी घसरायला लागली की. तोवर प्लेटा जळालेल्या असतात. नव्या तेलाने त्या बऱ्या होत नाहीत, चार दिवसांत गिअरबॉक्स बसतो आणि आळ तेलावर येतो. शिवाय मशीन लावून जोराने फ्लश केलं तर जुना साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हबॉडीत अडकू शकतो, तो धोका खराच.

गाडी अजून नीट चालत असेल तर मधला रस्ता घ्या. नुसता ड्रेन बोल्ट उघडून जेवढं निघेल तेवढं काढा आणि तेवढंच भरा. एका वेळी एकूण तेलाच्या निम्म्याहून कमी निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही दिवस चालवा, पुन्हा तसंच करा, मग तिसऱ्यांदा.

काढताना दोन गोष्टी पाहाच. पांढऱ्या टिश्यूवर तेलाचा एक थेंब टाका. नवं तेल लालसर असतं, वापरलेलं तपकिरी. तपकिरी चालेल. पण थेंब काळपट असेल, मध्ये काळा ठिपका राहून भोवती फिकट वर्तुळ पसरत असेल आणि जळक्या कागदासारखा वास येत असेल, तर तेल बदलण्यावर खर्च करण्याआधी नीट विचार करा. दुसरं म्हणजे बोल्टच्या किंवा पॅनच्या आतलं मॅग्नेट. त्यावर काजळासारखी बारीक राखाडी पेस्ट असणं रीतीचंच आहे. टोचणारे कण, चमकणारे तुकडे मात्र रीतीचे नव्हेत. ते कुठल्या तरी दाताचे किंवा बेअरिंगचे असतात.

कुठलं तेल घालावं?

पुस्तिकेत नाव लिहिलंय तेच. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून विकलं जाणारं तेल स्वस्त पडतं, पण अल्ट्राड्राइव्हवाल्यांची कहाणी वर सांगितलीच आहे.

तेलाची पातळी घरी तपासता येते का?

डिपस्टिक असेल तर येते, पण रीत गाडीगणिक वेगळी. क्रायस्लरच्या जुन्या मिनीव्हॅनमध्ये इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना बघायचं. त्याच काळच्या होंडात गाडी गरम करून, इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत. एकीची रीत दुसरीला लावली की पातळी चुकीची दिसते, माणूस अर्धा लिटर जादा ओततो आणि फिरत्या गिअरांनी ते घुसळून फेस येतो. फेस दाबता येतो, त्यामुळे प्लेटांवर दाब धड बसत नाही आणि जास्त तेलानेही गिअरबॉक्स घसरतो. नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. खाली लेव्हल प्लग असतो, आणि तेल ठरावीक तापमानाला असताना, गाडी सपाट उचलून तो उघडावा लागतो. ते काम गॅरेजचंच.

तेल गुलाबी दुधासारखं दिसतंय. हे काय?

गाडी चालू करू नका. अगदी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करा.

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटात असते. ती आतून फुटली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल प्लेटांच्या अस्तराला फुगवतं आणि त्याचा चिकटपणा सोडवतं. थोडंसं मिसळलं तरी पुरे. लगेच सापडलं तर रेडिएटर बदलून, अनेकदा तेल बदलून कधी कधी निभावतं. आठवडाभर तसंच चालवलं असेल तर आशा धरू नका. जुन्या गाडीचा रेडिएटर वेळेवर बदलणं हा गिअरबॉक्सचाच विमा आहे, हे फार थोड्यांना सुचतं.

नवा गिअरबॉक्स बसवला, वर्षाच्या आत तोही गेला. नशीबच खोटं का?

माझंही असंच झालं होतं, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. सात सीटांची सेकंडहँड गाडी, एक लाख वीस हजार किलोमीटरवर तिसऱ्या गिअरला घसरू लागली. एका गॅरेजने रीबिल्ट, म्हणजे खोलून दुरुस्त केलेला, गिअरबॉक्स बसवून दिला. आठ महिने गाडी लोण्यासारखी. नवव्या महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरची नळी सोडली आणि तोंडाने फुंकून पाहिली. मग माझ्या हातात दिली, म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हीच फुंका.’’ फुंकर पलीकडे जातच नव्हती. पहिल्या गिअरबॉक्सच्या प्लेटांचा सगळा चुरा कूलरच्या जाळीत बसला होता. नव्या गिअरबॉक्सला पहिल्या दिवसापासून थंड तेल मिळालंच नव्हतं.

म्हणून गिअरबॉक्स बदलताना गॅरेजला हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर नवा की जुनाच? कूलर बदलणार की नुसता धुणार? धुतल्यावर त्यातून तेल किती वाहतं ते मोजणार का? जुना गिअरबॉक्स कशाने गेला, ते खोलून दाखवणार का? शेवटच्या प्रश्नावर जो कां-कूं करतो त्याच्याकडे मी गाडी टाकत नाही.

रीबिल्ट, रीमॅन्युफॅक्चर्ड की भंगारातला?

रीबिल्ट म्हणजे तुमचाच गिअरबॉक्स खोलून, झिजलेलं बदलून परत जोडलेला. तो जोडणाऱ्याच्या हातावर अवलंबून. रीमॅन्युफॅक्चर्ड कारखान्यात ठरलेल्या मापांनी तयार होतो, कमकुवत भागांच्या सुधारित आवृत्त्या त्यात बहुधा घातलेल्या असतात, वॉरंटी लांब आणि किंमतही तशीच. भंगारातला स्वस्त, पण ज्या मॉडेलचे गिअरबॉक्स मुळातच कच्चे, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून तो काढलेला असतो. गाडी वर्ष-दीड वर्षातच विकायची असेल तर ठीक.

चालवण्याच्या सवयींनी फरक पडतो का?

पडतो. चढावर सिग्नलला ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे लोक मला दिसतात तेव्हा जीव वरखाली होतो. चाकं हलत नाहीत, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन साचते. तसंच मागे सरकत्या गाडीला थेट ‘डी’त टाकणं : जे काम ब्रेकने करायचं ते प्लेटांकडून करून घेणं आहे. पूर्ण थांबा, मग बदला. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक ओढा, मग ‘पी’.

जादा कूलर बसवावा का?

ट्रेलर ओढत असाल किंवा भरल्या गाडीने डोंगराळ रस्ते वारंवार चढत असाल तर जरूर. कूलरची रेडिएटरपुढे नीट हवा लागेल अशी जागा आणि गळणार नाहीत अशा क्लिपा, एवढं पाहा. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात थर्मोस्टॅट असलेला घ्या, नाहीतर तेल तापायलाच वेळ लागेल.

सीव्हीटी किंवा हायब्रिड मिनीव्हॅन घेतली तर ही कटकट सुटेल?

पट्टा आणि पुलीवाल्या सीव्हीटीत ठरावीक गिअर नाहीत, गुणोत्तर सलग बदलत जातं, पण उष्णता आहेच, आणि तेलाबाबत ती जास्तच नाजूक. हायब्रिडची गोष्ट निराळी. टोयोटा सिएना २०२१च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड आहे. तिच्या ई-सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नाही, घसरणाऱ्या क्लच प्लेटा नाहीत. एक प्लॅनेटरी गिअरसंच (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरांचा) आणि विजेच्या दोन मोटरी. जळायला तिथे फारसं काही ठेवलेलंच नाही. तेल मात्र तिथेही असतं.

जुनी मिनीव्हॅन विकत घेताना गिअरबॉक्स कसा पारखायचा?

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचं आहे, किंवा माणूस विसरला. दोन्हीत पुन्हा यायची तयारी ठेवा. थंड गाडी सुरू करा, ब्रेक दाबून रिव्हर्समध्ये टाका आणि मनात मोजा. एक, दोन म्हणायच्या आत पकड यायला हवी. मग ‘डी’. नंतर वीस-पंचवीस मिनिटं चालवा, कारण काही गिअरबॉक्स थंड असताना शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावरच रंग दाखवतात. गर्दीतून न्या, एखाद्या चढावर न्या. साठ-सत्तरला पाय हलका ठेवून थरथर जाणवते का पाहा. परत आलात की डिपस्टिक काढून टिश्यूवर थेंब टाका. डिपस्टिक नसेल तर तेल बदलल्याचं बिल मागा.

आणि एक बारीकसं. स्कॅनर लावून सेल्फ-टेस्टचे मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः घेतो त्या तपासण्या, पूर्ण झालेत का ते बघा. सगळे अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. कशासाठी, ते विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.